एक टीबीचं कार्ड आणि वीस हजारांची वेस

सात महिने झाले. फक्त गाणी वाजवणारा, नेटशी काही देणंघेणं नसलेला एक छोटा प्लेअर आणि त्यात घालायला एक टीबीचं मायक्रोएसडी कार्ड, अशी जोडी मी घेतली. प्लेअरचं नाव लिहीत नाही. आतला बोर्ड तोच आणि वरचं कवच वेगळं, असे त्याचे दोनतीन भाऊबंद वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, आणि मला जे सांगायचंय ते या एकट्याबद्दल नाहीच. आवाज चांगला आहे. बटणं न बघता सापडतात. माझ्या वापरात बॅटरी चार दिवस जाते. झालं, नेहमीचं परीक्षण संपलं. आता ज्यासाठी घेतला त्याबद्दल, म्हणजे जागेबद्दल.

माझ्याकडे २१,४०० फाइली आहेत, ६१२ जीबी. बहुतेक फ्लॅक, म्हणजे सीडीवरचं संगीत त्यातलं काही न गाळता आवळून ठेवलेलं. धाकट्या भावाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, एवढं ऐकायला सात जन्म लागतील." मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे कुणी आकडा फेकला की तपासल्याशिवाय राहवत नाही. माझ्या सगळ्या फाइलींची लांबी होते साधारण साडेसतराशे तास. रोज दोन तास ऐकलं तर दोन वर्षं पाच महिने. सात जन्म वगैरे काही नाही, एखाद्या जाडजूड कोशाच्या तपासणीला लागतो तेवढा वेळ. तोवर नवीन भर पडणार, ती वेगळी.

पहिलं कार्ड खोटं निघालं. ऑनलाइन घेतलं होतं, वेष्टण अगदी सरळसोट, कॉम्प्युटरला लावलं तर एक टीबी दाखवत होतं. रात्रभर गाणी चढवली, कुठेही तक्रार नाही. सकाळी प्लेअरमध्ये घातलं. पहिली दोनेक हजार गाणी व्यवस्थित. मग एका गाण्यापासून पुढे शून्य मिनिटं शून्य सेकंद असं दाखवून प्लेअर टुणकन पुढच्यावर जायचा. तिथूनही पुढे. आणखी खाली गेले तर फोल्डरच्या नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. अशा कार्डातल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणाऱ्या चिपला, पढवून ठेवलेलं असतं की कोणी विचारलं तर एक टीबी सांग. आत खरी जागा होती ६४ जीबी, आणि ती भरल्यावर पुढचं सगळं ते नुसतं 'हो, घेतलं' म्हणत हवेत सोडत होतं. पैसे परत मिळाले. माझी रात्र गेली ती गेली.

म्हणून दुसऱ्या कार्डाची आधी परीक्षा घेतली. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री, हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. कार्ड शेवटच्या टोकापर्यंत भरायचं आणि जे लिहिलं तेच परत वाचता येतं का ते पाहायचं, एवढंच काम ते करतात. ३२ जीबीच्या जमान्यात ही परीक्षा जेवता जेवता व्हायची. एक टीबीला माझ्याकडे साडेदहा तास लागले: सात तास लिहायला, साडेतीन वाचायला. एवढा धीर नसेल तर मोठं कार्ड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्ड खरं निघालं तरी कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो. ही मात्र फसवणूक नाही. बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ धरतं. १६० जीबीच्या डिस्कवर १४९ दिसायचे तेही याचमुळे. जागा वाढत गेली तसा हा फरकही वाढला. आज माझ्या कार्डावर जे ६९ जीबी 'गायब' दिसतात, तेवढी जागा माझ्या पहिल्या तीन प्लेअरांची मिळूनसुद्धा नव्हती.

आता मूळ मुद्दा. ६१२ जीबी कार्ड रीडरने चढवायला सव्वाचार तास लागले. प्लेअरला केबल लावूनही करून पाहिलं. त्याचं यूएसबी जुन्या जातीचं, अर्ध्या तासात चाळीस जीबी गेले, तेव्हा नाद सोडला. मग कार्ड आत घालून 'यादी बनव' असं सांगितलं. पडद्यावर एक आकडा पळायला लागला. १,२००, ३,५००, ८,०००. मी कणीक मळावी तसा वेळ काढत शेजारी बसून होते. सव्वीस मिनिटांनी आकडा २०,००० वर थांबला आणि मुख्य पान आलं. काही चूक, काही सूचना, काही नाही. मला वाटलं, झालं काम.

तीन आठवड्यांनी एक जुनी मैफल ऐकावीशी वाटली. यादीत नाही. शोधली, नाही. वाटलं चढवायचीच राहिली. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं, तर तिथे आहे. परत आत घातलं, यादीत नाही. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की वीस हजार हा इतका गोल आकडा योगायोगाने येत नसतो. अशा साध्या प्लेअरमध्ये मेमरी मोजकी असते आणि गाण्यांची यादी ठरावीक लांबीच्या तक्त्यात बसवलेली असते. तक्ता भरला की पुढचे बाहेर. पण बाहेर राहिले कोण? माझे फोल्डर नावाप्रमाणे चढले होते, आणि कॉम्प्युटरच्या क्रमात रोमन अक्षरं आधी, देवनागरी नंतर. म्हणजे ज्यांना मी प्रेमाने मराठीत नावं दिली, ते सगळे रांगेच्या शेपटाला. 'म'पासून पुढचं सगळं वेशीबाहेर. चौदाशे फाइली.

फोल्डर उघडून त्या वाजवता येतात, हे खरं. पण प्लेअरच्या पडद्यावर देवनागरी वाचणं ही वेगळी शिक्षा आहे. ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची हे त्याला ठाऊकच नाही. 'पहिली' हा शब्द 'पहलिी' असा काहीतरी दिसतो. जोडाक्षरांचे पाय मोडलेले. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईने संध्याकाळी फिरताना हे पाहायचं!

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय की २ टीबीपर्यंतचं कार्ड चालतं. ते खोटं नाही. एसडीएक्ससी जातीच्या कार्डांची कमाल मर्यादाच २ टीबी आहे, आणि ती जात ओळखणारा प्रत्येक प्लेअर हे छापू शकतो. खोक्यावर जे छापत नाहीत ते म्हणजे किती फाइली मोजता येतात. तेव्हा घेताना जीबी विचारू नका, फाइलींचा आकडा विचारा. दुकानदाराला तो माहीत नसेल तर माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांत बारीक अक्षरात पाहा. अँड्रॉइडवर चालणाऱ्या महागड्या प्लेअरना ही अडचण सहसा नसते, पण ते सुरू व्हायला फोनएवढा वेळ घेतात आणि बॅटरी खातात. मला बटण दाबलं की वाजणारी वस्तू हवी होती.

हे सगळं मला इतकं लागायचं कारण म्हणजे मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केलेली आहे. १९९८ साली सेहान कंपनीचा एमपीमॅन आणि डायमंडचा रिओ पीएमपी३०० आले, तेव्हा त्यांच्यात ३२ एमबी असायचे. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट खर्चणाऱ्या, एमपीथ्रीला मिनिटाला जवळजवळ एक एमबी लागतो, म्हणजे अर्धा तास संगीत. कॅसेटची एक बाजू! तरी त्या रिओवर अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला आणि ती हरली. ३२ एमबीपासून एक टीबी म्हणजे जागा एकतीस हजार पटींनी वाढली.

लोक म्हणतात, तेव्हा मोजकीच गाणी असायची म्हणून मन लावून ऐकली जायची. मला हे अजिबात पटत नाही. मी मन लावून ऐकत नव्हते, मी वजाबाकी करत होते. माझ्या पहिल्या प्लेअरमध्ये ३२ एमबी आत आणि ३२ एमबीचं स्मार्टमीडिया कार्ड वरून. बिस्किटासारखं चौकोनी, पातळ, सोनेरी पट्टीचं. चौसष्ट म्हणायचे, पण एक फाइल अर्धी आत आणि अर्धी कार्डावर अशी ठेवता यायची नाही. माझ्या आवडत्या गोष्टी म्हणजे कॅसेटवर घेतलेल्या लांबलचक मैफली, पावणेदोन-दोन तासांच्या. मोनो करून, ६४ केबीपीएसपर्यंत पिळूनसुद्धा एक मैफल ५०-५५ एमबी व्हायची. म्हणजे दोन्हीकडे मिळून मावणार, पण अखंड कुठेच नाही. शिवाय प्लेअर बंद केला की फाइल पुन्हा पहिल्यापासून. मग मी मैफलीचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे केले. अठरा आत, अठरा बाहेर, उरलेल्या फटीत एखादा लहानसा. बावन्न मैफलींचे असे एकोणीसशे तुकडे. या तुकड्यांकडे पुढे परत यायचंय.

नंतर हार्ड डिस्क आली आणि माझी वजाबाकी सुटली. कॉम्पॅकच्या संशोधकांनी घडवलेला पर्सनल ज्यूकबॉक्स १९९९ सालीच ४.८ जीबीचा होता, क्रिएटिव्हचा नोमॅड ज्यूकबॉक्स २००० साली ६ जीबीचा. दोन्हींत लॅपटॉपची अडीच इंची डिस्क. नोमॅड तर सीडी प्लेअरएवढा मोठा होता. ऑक्टोबर २००१ मधल्या आयपॉडची जागा यांच्यापेक्षा फार नव्हती, ५ जीबीच. फरक होता तोशिबाच्या १.८ इंची डिस्कचा, जी खरोखर खिशात मावली. तिथून आठ वर्षांत तेवढ्याच आकारात १६० जीबी आले.

माझ्याकडे जो होता तो २० जीबीचा. त्याची एक गंमत मला अजून आठवते. कानाला लावला की आतली डिस्क कुर्र करून फिरायची, पाचसहा सेकंद, आणि मग गप्प. डिस्क सतत फिरत नसेच. पुढची गाणी उचलून ३२ एमबीच्या मेमरीत भरायची आणि झोपायची. १२८ केबीपीएसची गाणी असली तर अर्धा तास झोप. म्हणूनच चालताना धक्का लागून गाणं अडखळायचं नाही. पुढे मी हावरटासारखी फ्लॅक भरायला लागले, तेव्हा एकेक गाणं तीस एमबीचं. डिस्क दर गाण्याला उठायला लागली आणि बॅटरी अर्ध्यावर आली. मी बॅटरीला शिव्या देत होते. भावाने एकदा कान लावला आणि म्हणाला, "अगं ताई, ही बिचारी झोपतच नाहीये."

ती डिस्क शेवटी गेली, टक टक टक असा आवाज करत. तशा डिस्क आता कोणी बनवत नाही. ॲपलने २०१४ मध्ये १६० जीबीचा क्लासिक बंद केला, तेव्हा टिम कुक यांनी कारण सांगितलं होतं की सुटे भागच मिळेनासे झालेत. भावाने माझा प्लेअर उघडून डिस्कच्या जागी अडॅप्टर बसवला आणि त्यात १२८ जीबीचं कार्ड घातलं. मोठं का नाही, तर त्या काळच्या कित्येक यंत्रांना डिस्कवरच्या जागेचा पत्ता २८ बिटांतच लिहिता येतो, त्यामुळे १३७ जीबीच्या पलीकडचं त्यांना दिसतच नाही. आणखी एक वेस. तो प्लेअर आजही चालतो, हलका झालाय, आणि कानाला लावला तर काहीच ऐकू येत नाही. याची मला थोडी चुटपुट आहे.

मग सगळं आवळून लहान कार्डावर का ठेवत नाहीस, असं भाऊ विचारतो. प्रश्न रास्त आहे. आम्ही एका दुपारी परीक्षा घेतली. तो पाठीमागे बसून कधी फ्लॅक, कधी २५६ केबीपीएसचं एएसी, म्हणजे काही बारकावे गाळून आवळलेली फाइल, लावायचा, मी ओळखायचं. वीसपैकी अकरा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. एएसी करून माझा सगळा संग्रह २०५ जीबीत बसला असता. तरी मी केला नाही. कारण आवाज नाही, कारण आळस. आवळलेला संग्रह म्हणजे दुसरा संसार. इकडे एखाद्या नावातली चूक सुधारली की तिकडे पुन्हा सुधारा, नवं काही आलं की पुन्हा आवळा. मोठ्या कार्डाचा मला झालेला खरा फायदा हाच: घरच्या डिस्कवर जे आहे तेच, तसंच्या तसं, खिशात. जास्त गाणी ऐकते का? नाही. कमी कामं करते.

चोवीस बिट ९६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीहून बारीक मोजणीच्या, फाइली मात्र या कार्डावर घेतल्या नाहीत. न आवळता मिनिटाला जवळपास ३५ एमबी, सीडीच्या सव्वातीन पट. पन्नाशीच्या कानांसाठी एवढी जागा अडवायची म्हणजे रिकाम्या घराचं भाडं भरणं.

एक धोका सांगायला हवा. मायक्रोएसडी म्हणजे १५ बाय ११ मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढं. खाचेत स्प्रिंग असते, दाबलं की कार्ड बाहेर येतं. एकदा ते बाहेर न येता उडालं. टिक् असा आवाज आला आणि ६१२ जीबी नाहीसे. टेबलाखाली, खुर्चीखाली, गालिचा उलटा करून, टॉर्च जमिनीला समांतर धरून चाळीस मिनिटं शोधलं. केर काढला, केर चिवडला. शेवटी पाय मुडपून बसले तर माझ्याच मोज्याला चिकटलेलं. घरी डिस्कवर मूळ प्रत आहे म्हणून निदान रडू आलं नाही. कार्डालाच मूळ प्रत समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय फ्लॅश मेमरी वीज न देता वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली तर त्यातलं लिखाण पुसट होऊ शकतं. ती खणात जपून ठेवण्याची वस्तू नाही.

तर, वेशीबाहेरचे चौदाशे. एके रात्री यादी नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं की यातले बहुतेक ते जुने तुकडे आहेत. जागा नव्हती म्हणून मी तेव्हा मैफली कापल्या, आणि आता जागा रग्गड असताना त्या कापल्यामुळेच मोजणीत मावत नव्हत्या. एकोणीसशे तुकडे जोडून बावन्न फाइली केल्या तर एकूण आकडा १९,५५२ वर येत होता. मूळ कॅसेटवरून नव्याने घ्याव्यात तर त्यांना केव्हाच बुरशी लागलेली.

म्हणून रोज रात्री काम संपलं की एकदोन मैफली जोडते. नुसतं पुढेमागे चिकटवून भागत नाही. एमपीथ्री बनताना प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला नि शेवटाला किंचित शांतता घुसते, सेकंदाच्या एका बारीक तुकड्याएवढी. दर तीन मिनिटांनी चालू स्वरात चिमटा बसल्यासारखं वाटतं. लाटांच्या आलेखावर ती सपाट रेघ शोधायची, कापायची, टोकं जुळवायची. छत्तीस तुकडे, पस्तीस सांधे. मुद्रितशोधनासारखंच आहे, फक्त डोळ्यांऐवजी कान.

चाळीस मैफली झाल्या आहेत. परवा कार्ड आत घालून यादी बनवायला लावली. आकडा पळत पळत आला आणि १९,९७९ वर थांबला. वीस हजारांच्या अलीकडे, स्वतःच्या मनाने. 'म'पासून पुढचे सगळे आत आले आहेत, पाय मोडलेल्या जोडाक्षरांसकट.

बारा उरल्यात. त्यातल्या दोन मैफलींचा मधला एकेक तुकडा कुठेच सापडत नाही. घरच्या डिस्कवर नाही, जुन्या सीड्यांवर नाही. तेव्हा जे प्लेअरवर जायचं तेवढंच मी जपून ठेवत असे. हे दोन फटीत बसले नसतील, आणि मीच खोडले असतील.